काठावरचा काळा अंगठा

आत्याच्या मयताला आबांना घेऊन निघालो आणि गाडीत डिझेल भरायचं विसरलो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुमच्यातले काही जण करणी, बाधा, अमावास्या असलं काहीतरी शोधायला लागतील, म्हणून. अमावास्या नव्हती. भर दुपार होती, मार्च महिना होता, आणि सगळ्याची सुरुवात माझ्या मूर्खपणापासून झाली. बाकीचं मागून आलं.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी वाशिंदला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. फिटर. आमच्या धंद्यात एकच नियम – मशीन बंद पडलं तर कारण असतंच. सापडत नसेल तर शोधणारा गाढव. आमच्या सापगावात कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन बसायचो. एकदा घुमणाऱ्या बाईला मी हात जोडून विचारलं होतं, ‘माते, आमच्या फीडरची लाइट कधी येणार?’ मार खाता खाता वाचलो. तर असा मी. हा अनुभव मी लिहितोय याची मलाच लाज वाटते… पण तीन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

सकाळी सातला टोकावड्याहून सुरेशचा फोन आला. सुरेश म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आत्या पहाटे गेली. झोपेतच. माझे वडील, आबा, तेव्हा ओट्यावर चहा पीत होते. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, “लुगडं घ्याया लागंल.”

आमच्याकडे लग्न झालेली बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं भावाकडचं असतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्या आबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आबा तिला ‘बाय’ म्हणायचे. आई लवकर गेलेली, त्यामुळे लहानपणी बायनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं.

आता एक कबुली देतो, ती नाही दिली तर पुढचं कळणार नाही. गेली पाच वर्षं आबा भाऊबीजेला टोकावड्याला गेले नव्हते. त्यांचे गुडघे गेले, एस.टी. बदलत जाणं जमेना. गाडी माझ्याकडे होती. दर दिवाळीला मी म्हणायचो, “आबा, पुढच्या रविवारी नेतो.” तो रविवार काही आला नाही. ओव्हरटाइम, लग्नं, क्रिकेटची फायनल… काहीही. आबा मग त्या बाजूला जाणाऱ्या कुणाकडे तरी भाऊबीजेचं लुगडं द्यायचे. गेल्या दिवाळीला आत्याने फोनवर मलाच सुनावलं होतं, “दिन्या, लुगडं येतंय रे दरसाल. भाऊ येत नाय.” मी हसलो होतो. म्हटलं, पुढच्या रविवारी.

तर त्या सकाळी मी कामाला लागलो. मेंटेनन्सचा माणूस, लांब जायचं म्हणजे गाडी तपासली पाहिजे! माझी गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप. बॉनेट उघडलं. ऑइल बघितलं, पाणी बघितलं, बेल्ट दाबून बघितला, चारही चाकांना लाथा मारल्या. डिझेलचा काटा मात्र पाव टाकीवर अडकलेला, टाकी भरलेली असो नाहीतर कोरडी. म्हणून मी सीटमागे बांबूची एक काडी ठेवतो, ती टाकीत घालून बघायचं. ती काडी त्या दिवशी सीटमागेच राहिली. आबांना घेऊन शहापूरला लुगडं घ्यायला गेलो तेव्हा पेट्रोलपंपासमोरून गेलो. घेऊन परत आलो तेव्हाही पंपासमोरूनच आलो. पंपावरच्या ओळखीच्या माणसाने हात केला. मीही केला.

दुकानदार शटर वर करत होता. आत्या सवाष्ण गेली, म्हणजे हिरवं लुगडं पाहिजे. हिरव्या रंगात नऊवारी त्याच्याकडे एकच होतं, लाल काठाचं. मी काठ कसा आहे बघायला हात घातला… आणि ऑइलची काडी पुसलेला माझा अंगठा त्या लाल काठावर उमटला. काळाकुट्ट, रेघांसकट, आधार कार्डाला देतात तसा.

दुकानदार “अरे अरे अरे” करत राहिला. दुसरं नव्हतं. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, “मेलेल्या मानसाला बी नीट देववत नाय तुला.”

घरी आईने ते लुगडं, खण, हळदकुंकवाची पुडी असं एका कापडी पिशवीत घातलं आणि तोंडाला गाठ मारली. आईची गाठ आमच्या घरात प्रसिद्ध आहे. ती दाताने सोडवावी लागते. पिशवी आबांच्या मांडीवर दिली. पुरावा म्हणून सांगतो, लुगडं पिशवीत जाताना मी बघितलं. माझा अंगठा वरच्या घडीवर होता, त्यामुळे विसरणं शक्यच नव्हतं.

साडेनऊला निघालो. सुरेशने सांगितलं होतं, “मामांना सावकाश आना. लुगडं आल्याबिगर आमी हलवनार नाय.”

किन्हवली मागे पडली. सरळगाव चार-पाच किलोमीटर असेल, तिथे रस्त्याला एक मोरी आहे, शेजारी वीटभट्टी. मोरीवर जीपने दोन आचके दिले आणि बंद पडली. मी काडी काढली, टाकीत घातली. कोरडी ठणठणीत!

“काय झालं?” आबांनी विचारलं.

“काही नाही. दहा मिनिटं.”

हे ‘दहा मिनिटं’ मी त्या दिवशी किती वेळा बोललो, देव जाणे. (देव हा शब्द सवयीने आलाय, गैरसमज नको.)

भट्टीवर गेलो. तिथल्या मुकादमाने ट्रॅक्टरमधून मला दोन लिटर डिझेल काढून दिलं, भला माणूस. ओतलं. सेल्फ मारला. घुर्र-घुर्र-घुर्र. काही नाही. डिझेल गाडी कोरडी झाली की लाइनमध्ये हवा शिरते, एअर धरते. ती काढल्याशिवाय इंजिनाला डिझेल पोचत नाही. सोपं काम आहे. फिल्टरवरचा नट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. कारखान्यातल्या जनरेटरवर मी हे डोळे मिटून करतो. इथे डोळे उघडे ठेवून केलं. बुडबुडे थांबेनात. पंप मारतोय, मारतोय… फेसच येतोय. जणू टाकीत कुणी साबण कालवलाय.

आबा मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात.

भट्टीवरच्या बायका विटा रचता रचता माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक, सोमीबाई नावाची, पलीकडच्या वाडीवरची, आबांना पाण्याचा तांब्या देऊन गेली. जाताना मला म्हणाली, “दादा, ह्याच्यापरास चालत गेला असतास तं पोचला असतास.”

“बाई, मी फिटर आहे,” मी म्हणालो.

“आसं?” ती म्हणाली आणि हसत गेली.

मग मी मोबाइल काढला. व्हिडिओ बघायला – ‘डिझेल गाडीची एअर काढायची सोपी पद्धत’! एकोणीस वर्षं फिटरकी केलेला माणूस, रस्त्यात उकिडवा बसून व्हिडिओ बघतोय. रेंज एक काडी. चक्र फिरतंय, फिरतंय. त्या माणसाने “नमस्कार मित्रांनो” म्हणेपर्यंत बॅटरी संपली. फोन मेला. आबांचा फोन घरी चार्जिंगला. मुकादमाने त्याचा फोन पुढे केला, पण सुरेशचा नंबर पाठ कोणाला? हल्ली माणसाला स्वतःचा नंबर आठवत नाही.

आणि मग साडेअकराच्या सुमाराला एस.टी. आली.

खरी चूक ही. डिझेलची चूक कुणाच्याही हातून होते.

आबांनी हात केला, बस थांबली. कंडक्टरने दार उघडलं. “बसा बाबा, सरळगावला सोडतो. तिथून टोकावड्याची गाडी भेटंल.” आबा कठड्यावरून उठले. पिशवी काखेत, एक हात दांड्याला, एक पाय पायरीवर. मी नेमका त्याच वेळी सेल्फ मारला… आणि इंजिन खोकलं! भुर्र, भुर्र. नळीतून काळा धूर आला.

“आबा, थांबा! धरतेय, धरतेय! जाऊ द्या ती बस.”

आबा तसेच उभे. पायरीवरचा पाय, मग मी, मग पुन्हा पायरी. कंडक्टर म्हणाला, “काय ते ठरवा.” आबांनी पाय खाली घेतला. आपला मुलगा फिटर आहे यावर त्यांचा विश्वास होता. त्या दिवसापर्यंत.

टिंग टिंग. बस गेली. वळणावर ती दिसेनाशी व्हायच्या आत माझी जीप पुन्हा गप्प झाली.

त्यानंतरचं काय सांगू? नोझलचे नट सैल केले. पाइप काढून फुंकला, तोंडात डिझेल गेलं. फ्यूज बघितले. भट्टीवरच्या सहा माणसांनी धक्का मारला, उताराला मारला, चढाला मारला. शेवटी बॅटरी पण बसली, चावी फिरवली की नुसतं टक. टक. टक. रस्त्याने तासाभरात दोन मोटरसायकली गेल्या, दोन्हींवर तीन-तीन माणसं. ऊन असं की बॉनेटवर हात ठेववेना. मला रडायला येत होतं, पण हात डिझेलचे, डोळे पुसायचे कसे?

आबा एकटेच बोलत होते. मला नाही, असंच.

“तोंड तेवढं बघायचंय. दुसरं काय नाय. लुगडं माझ्या हातानं टाकनार तिच्यावर. पाच वर्सं दुसऱ्याच्या हातानं धाडलं…”

मी पान्याचा आवाज मोठा केला.

मग मध्येच म्हणाले, “दिन्या, पिशवी हलकी लागते रे.”

मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलो होतो. “आबा, पिशवीचं सोडा. तो बारा नंबरचा पाना द्या.”

त्यांनी दिला. वेळ मला आठवते, कारण तेव्हाच भट्टीवरची माणसं भाकरी खायला बसली होती. एक वाजत आला होता.

दोनच्या पुढे भट्टीचा विटांचा ट्रॅक्टर सरळगावला निघाला, त्यात आम्हाला घेतलं. आबा ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डवर, मी विटांवर. सरळगावहून टोकावड्याला माणसं भरून नेणारी एक वडाप जीप मिळाली. साडेतीनला सुरेशच्या दारात उतरलो.

अंगणात पाण्याचे हंडे होते, आणि माणसं अंघोळी करत होती.

आबांना लगेच कळलं. मला नाही कळलं. मी म्हणालो, “सुरेश, आधी लुगडं घे. गाडी बंद पडली रे…”

सुरेश ओल्या अंगाने पुढे आला. डोळे सुजलेले. “मामा, तुमी होता कुठं? आमी मसणात पण वाट बघितली. म्हटलं, मामा पुढं गेले असतील.”

“तू बोललास ना, लुगड्याबिगर हलवनार नाय?” आबांनी विचारलं.

“लुगडं आलं म्हणून तर हलवली!”

मी म्हणालो, “कुठलं लुगडं?”

“हिरवं. लाल काठाचं. ओट्यावर ठेवलेलं. तुमीच ठेवून मागं हातपाय धुवायला गेला असाल, असं वाटलं सगळ्यांना.”

“ठेवलं कोणी?”

सुरेशने बायकोकडे बघितलं. त्याची बायको, वंदना, म्हणाली तिला वाटलं सुरेशने आत आणलं. सुरेशला वाटलं शेजारच्या काकींनी घेतलं. काकींना वाटलं वंदनाच्या हातात कुणीतरी दिलं. घरभर माणसं होती आणि ठेवताना बघितलेला एकही नाही. मग फोन लावला तर माझा बंद, आबांचा घरी वाजतोय, उचलायला कोणी नाही. मग जाणती माणसं म्हणाली, माहेरचं लुगडं आलंय, म्हणजे माहेरची माणसं आलीत. ऊन चढतंय, किती वेळ ठेवायचं. नेसवलं आणि उचललं.

आबांनी काखेतली पिशवी ओट्यावर ठेवली. गाठ तशीच होती. आईची गाठ. वंदनाला सुटेना, शेवटी मी दाताने सोडवली.

आत खण होता. हळदकुंकवाची पुडी होती. लुगडं नव्हतं.

मी पिशवी उलटी केली, झटकली. वेड्यासारखा शिवणी तपासत बसलो, कुठे भोक आहे का बघायला. नऊवारी लुगडं भोकातून पडेल म्हणून! मग मी लगेच कारण काढलं – असेल कुणा दुसऱ्याने आणलेलं, हिरवी लुगडी काय कमी असतात? कुणा चुलतभावाने आणलं असेल. मी हे मोठ्याने बोललो.

वंदना म्हणाली, “भाऊजी, लुगडं चांगलं होतं. नवंकोरं. फक्त काठाला काळा अंगठा उठलेला कुनाचा तरी. मी तेवढा निऱ्यांत दडवला.”

मी माझा हात मागे नेला. आबांनी तो धरून पुढे आणला. अंगठा तेव्हाही काळाच होता, दिवसभर पुसायला सवडच कुठे मिळाली. वंदनाने बघितला आणि तोंडावर पदर घेतला.

“किती वाजता बघितलंस गो लुगडं?” आबांनी तिला विचारलं.

“एकच्या सुमाराला असंल, मामा. मागनं भाकरी आल्या शेजारून, त्याच्या थोडं आधी.”

आबा मग मसणाकडे गेले. एकटे. मला म्हणाले, येऊ नको. तिथे आता बघायला काही उरलं नव्हतं, धग होती तेवढी.

नंतर मी हे सगळं मशीन उघडावं तसं उघडून बघितलंय. आईला विचारलं, ती शपथेवर सांगते, लुगडं घातलं होतं. दुकानदाराकडे गेलो, त्याने तसं दुसरं विकलेलं नाही आणि अंगठ्याचं त्याला चांगलंच लक्षात होतं. माझा सगळ्यात मोठा संशय एस.टी.वर होता – आबांनी पायरीवरून कुणाकडे तरी लुगडं दिलं असेल आणि दुःखात विसरले असतील. पाच वर्षं तसंच तर पाठवत होते. तो कंडक्टर मी पंधरा दिवसांनी गाठला. त्याला आबा आठवत होते, मीही आठवत होतो. (“ते धरतेय धरतेयवाले ना?”) म्हणाला, म्हाताऱ्याने काही दिलं नाही, आणि सरळगावला गाडी रिकामी झाली, टोकावड्याला जाणारं कुणी नव्हतंच. शिवाय गाठ? आईची गाठ सोडून परत कोण बांधणार?

सोमीबाईला विचारलं. ती दिवसभर समोर होती. “गाडीपाशी कोनी आला नाय,” ती म्हणाली. “बाबा बी येस्टीला उठला तेवढाच, मग जागचा हालला नाय. हालत व्हतास तो तूच एकला.”

जीपचं म्हणाल तर तिचा हिशेब मी लावू शकतो. ओढूनताणून. लुगड्याचा नाही लावता येत. फिटर म्हणून सांगतो, बिघाड सापडला नाही. तुम्ही मला खुळ्यात काढा, चालेल. पण मला भुताची भीती नाही वाटली, तेव्हाही नाही, आताही नाही. मला दुसरंच छळतं. ते लुगडं पोचलं नसतं तर ते लोक थांबले असते. साडेतीनपर्यंत थांबले असते. आबांना तोंड बघायला मिळालं असतं. मग ज्याने कुणी पोचवलं, त्याने आमच्यावर उपकार केले, की पाच भाऊबीजांचा राग काढला? आबांना हे विचारायची माझी हिंमत नाही झाली. आता आबाही नाहीत.

त्या दिवशी परतताना सुरेशच्या मित्राने आम्हाला जीपपाशी सोडलं. सहा वाजायचे होते, ऊन होतं अजून. भट्टीवर शुकशुकाट. मी त्याला म्हटलं, थांब जरा, आता टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधूनच न्यावी लागेल. तरी सवयीने आत बसून चावी फिरवली, नुसतं टक ऐकायला.

अर्ध्या चावीला चालू झाली. धूर नाही, आचका नाही. शोरूममधून काढल्यासारखी, एका लयीत.

आणि मी, इतकं सगळं होऊनही मी म्हणालो, “आबा! झाली चालू!”

आबा बाजूला बसले होते. मांडीवर रिकामी पिशवी घडी घालून ठेवलेली. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले,

“बायनं मरून बी आपलं लुगडं नेलं. तुला जित्ता बाप नेता आला नाय.”